‘शाश्वत उपजीविका’: गावात चालेल असा शब्द हवा

वाळपईची वाट: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बचतगटांच्या बैठकीसाठी एका संशोधनाचा सारांश मराठीत करतेय. काम काठमांडूच्या इसिमोडचं. हिंदुकुश-हिमालयातल्या आठ देशांसाठी ही संस्था १९८३ पासून आहे. डोंगरातल्या घरांना मधमाशी, मोठी वेलची यांवर कमाई व्हावी आणि रानही राहावं, असा विषय. सरकारी कागदात याला ‘शाश्वत उपजीविका’ म्हणतात. गटातल्या मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “शाश्वत तो देव गो. पोट कसलं शाश्वत?” दुसरा शब्द सुचवा.

कोशप्रेमी: शब्द बदलू नका. संस्कृतात ‘शश्वत्’ म्हणजे अखंड, तसंच ‘पुन्हा पुन्हा’ही. दर मोसमाला परत मिळतं ते शाश्वत. याहून नेमका शब्द नाही.

सांग्याची लेक: दादा, बैठकीत कोश उघडून कोण बसणार? सरळ ‘टिकाऊ’ लिहा.

कोशप्रेमी: टिकाऊ म्हणजे लवकर न झिजणारं. रान तर घेतलं की कमी होतं आणि सांभाळलं तर भरून येतं. ते भरून येणं ‘टिकाऊ’त कुठे आहे?

पेडण्याचे मास्तर: आपला ‘योगक्षेम’ का विसरता? नाही ते मिळवणं हा योग, आहे ते राखणं हा क्षेम. चेंबर्स आणि कॉनवे या अभ्यासकांची शाश्वत उपजीविकेची १९९२ची व्याख्या पाहा: धक्का बसला तरी सावरता यावं आणि पुढच्या पिढीलाही वाव राहावा. दोन्ही बाजू एका शब्दात येतात.

सांग्याची लेक: मास्तर, शब्द सुंदर आहे, पण आमच्याकडे कुणाच्या तोंडात नाही. माझा आजा कुमेरी करायचा. रान तोडून, जाळून तिथे नाचणी, मग तो तुकडा सोडून दुसरीकडे. रान परत वाढेपर्यंत तिथे कोयता नाही. याला त्याच्याकडे मोठा शब्द नव्हताच. “ती जागा सोडली” एवढंच म्हणायचा.

वाळपईची वाट: आणखी एक अडलंय. मधमाशीच्या भागात ‘सातेरी माशी पाळा’ लिहिलं, तर एकांनी सांगितलं, गोव्यात सातेरी म्हणजे देवी, ते काढा.

म्हादईकाठ: अजिबात काढू नका! मधपाळ सातेरीच म्हणतात. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावतं, ही ढोलीत एकाशेजारी एक लावते. सात पोळी, म्हणून सातेरी.

पेडण्याचे मास्तर: हे मागून जुळवलेलं वाटतं. पोळी काय मोजून सातच असतात? आपल्याकडे सातेरी रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या, रूपात पुजतात, आणि ही माशी कधी वारुळातही राहते. देवीच्या घरात राहणारी ती सातेरी, असं मी मानतो.

कोशप्रेमी: मानण्याला पुरावा लागतो, मास्तर.

म्हादईकाठ: मामाच्या कुळागरात पोफळीखाली पेट्या आहेत. पूर्वी धूर करून अख्खं पोळं कापायचे, पिल्लांसकट. आता वरच्या कप्प्यातली मधाची चौकट तेवढी काढतात, यंत्रात फिरवतात आणि रिकामं पोळं परत पेटीत ठेवतात. माशीला मेण नव्याने करावं लागत नाही. मामा पेटी उघडताना हात जोडतो. त्याला देवी आणि माशी वेगळी करायला सांगून बघा!

वाळपईची वाट: सातेरी ठेवते. पण मथळ्यात काय लिहू? बैठक रविवारी आहे.

पेडण्याचे मास्तर: योगक्षेम.

सांग्याची लेक: ‘पुढच्या वर्षीही पुरेल अशी कमाई’. लांब आहे, पण मावशीला समजेल.

कोशप्रेमी: तो शब्द नाही, वाक्य झालं. आणि मास्तर, रोयण आणि वारूळ एकच धरताय का? काणकोणचं कुणी असेल तर सांगा, तुमच्याकडे मुंग्यांच्या घरालाही रोयण म्हणतात की फक्त वाळवीच्या?