फोन आईचा, मग होकार कुणी दिला?

खानापूरची लेक
गेल्या रविवारी गावी गेले होते, बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं. चपला काढायच्या आधीच आईनं फोन हातात दिला. "गृहलक्ष्मीचे आलेत का बघ गं, मला काय सापडंना झालंय." कर्नाटक सरकारच्या या योजनेचे महिन्याचे २,००० रुपये खात्यात पडले की बँकेचा मेसेज येतो. तो इंग्रजीत असतो, पण आई त्यातला आकडा बरोबर ओळखते. या खेपेला आकडा सापडेना, कारण त्याच्यावर चाळीसेक सूचनांचा ढीग पडला होता. पाच मिनिटांत कर्ज, कुठल्याशा खेळातलं बक्षीस, कुणा नटीचं लग्न. यातलं काहीही आईनं मागवलेलं नाही. तिला प्ले स्टोअर उघडायलाच येत नाही.

मग कळलं की दोन आठवड्यांपूर्वी रात्री फोनचं अपडेट झालं आणि सकाळी चार नवी चिन्हं दिसायला लागली. लॉक स्क्रीनवर माझ्या भाच्याच्या बारशाचा फोटो होता. तिथं आता रोज वेगळं चित्र आणि खाली बातमी, चुकून बोट लागलं की उघडते. चारपैकी दोन अ‍ॅप मी काढली. उरलेली दोन निघतच नाहीत, डिसेबल तेवढी होतात. आमच्याकडं पावसात रेंजची एक काडी मुश्किलीनं मिळते, आणि त्या एका काडीवरून ही अ‍ॅप दिवसभर डेटा ओढत होती.

"मीच कुठंतरी दाबलं असेन," असं आई तीनदा म्हणाली. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. फोनमध्ये परकं कुणी शिरलं आणि अपराधी तिला वाटतंय.

माझं म्हणणं सरळ आहे. फोन आम्ही रोख पैसे मोजून घेतलाय. त्यात काय राहणार, काय नाही, हे आईनं ठरवायचं. विचारायचं असेल तर तिला वाचता येईल अशा भाषेत विचारा. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. बाजारात कन्नड बोलते, पण वाचता येत नाही. इंग्रजी तर नाहीच. तुम्हाला काय वाटतं?

रामदेव गल्ली मोबाईलवाला
ताई, राग बरोबर आहे, पण आमची बाजू पण ऐका. मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. सात-आठ हजारांचा फोन घ्यायला येणारं गिऱ्हाईक एकच विचारतं, "ह्याच्यापेक्षा कमीत काय हाय?" आत कुठली अ‍ॅप आहेत, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. स्वस्त फोनवर कंपनीला सुटतं थोडंच. अ‍ॅपवाले त्यांचं अ‍ॅप आधीच भरून देण्याचे पैसे देतात, जाहिरातीतून थोडं येतं, म्हणून किंमत खाली राहते. हे सगळं बंद केलं तर तोच फोन महाग होणार आणि तुमच्या आईसारख्यांच्याच हातातून जाणार. नको असेल तर डिसेबल करा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि होकार घेतलेला असतोच. फोन पहिल्यांदा चालू करताना दहा-बारा स्क्रीन येतात, त्यात सगळं लिहिलेलं असतं.

निपाणीकर
स्वस्त फोनचं हे कारण मला पूर्ण पटत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलनं यूटू या आयरिश बँडचा नवा अल्बम जवळपास ५० कोटी आयट्यून्स खात्यांत फुकट टाकला. विचारलं कुणालाच नाही. लोक इतके चिडले की आठवड्याभरात तो काढून टाकण्यासाठी वेगळं पान करावं लागलं, आणि पुढं त्या बँडच्या गायकानं माफी मागितली. आयफोन काही सात हजाराचा नव्हता. पैसे जास्त दिले म्हणून घरात न विचारता यायचं थांबत नाही.

आणि आधीच भरलेल्या अ‍ॅपचं म्हणाल तर ते नेहमी फोन बनवणाऱ्याच्या राजीखुशीनं होतं असंही नाही. अँड्रॉइड फोनवर आपल्या अ‍ॅपचा अख्खा संच लादल्याबद्दल आणि इतर काही गोष्टींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो दंड कायम राहिला. म्हणजे "गिऱ्हाइकाला हेच पाहिजे" एवढ्यावर विषय संपत नाही.

अनगोळचा, सध्या पुण्यात
मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि मला या धाग्याची भीती वाटते. हे वाचून चार माणसं आईवडिलांच्या फोनचं अपडेट बंद करतील. २०१७ ची गोष्ट सांगतो. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये दिली होती. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नव्हती त्यांची मशीन कुलूपबंद झाली. ब्रिटनमध्ये दवाखान्यांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. प्रत्येक दुरुस्तीला "चालेल का?" विचारत बसलो तर निम्मे लोक "नंतर" दाबतात, आणि तो "नंतर" येतच नाही. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, त्यावर तरी काही गोष्टी न विचारता गेल्याच पाहिजेत.

खानापूरची लेक
दादा, दुरुस्तीला माझी हरकत नाहीच. पण आईच्या फोनमध्ये दुरुस्ती आणि कर्जाची जाहिरात एकाच गाडीतून आली. माझी तक्रार त्या गाडीत बसवलेल्या दुसऱ्या मालाबद्दल आहे.

निपाणीकर
तेच तर. माझ्या वडिलांनी अपडेट बंद ठेवलंय ते आळसानं नव्हे. मागच्या दोन्ही वेळा अपडेटनंतर फोन हळू झाला आणि नको ते दिसायला लागलं. आता मी कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. "परत घाण भरतील," म्हणतात. लोकांचा अपडेटवरचा विश्वास असल्या धाग्यांनी उडत नाही हो, असल्या अपडेटनंच उडतो.

अनगोळचा, सध्या पुण्यात
हे मान्य करावं लागेल. २०१६ मध्ये विंडोज १० च्या वेळी तर असं झालं की अपग्रेड करा म्हणणारी खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड कायम राहायचं. तेव्हा ऑफिसात आम्हालाच शिव्या ऐकाव्या लागल्या. दुरुस्तीचं अपडेट वेगळं आणि बाकीचं वेगळं असावं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण तोवर अपडेट बंद करू नका, एवढी विनंती.

वडगाव
आमचं जरा वेगळं आहे, तरी सांगते. बाबा गेले तेव्हा सांगली-कोल्हापूरकडचे पाहुणे रात्रभर आईच्या नंबरवर फोन करत होते. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "अगं, तुमच्या फोनवर ते नाचाचं गाणं कशाला लावलंय?" आम्हाला पत्ताच नाही. कॉलर ट्यून फोन करणाऱ्यालाच ऐकू येते, घरातल्यांना कशी कळणार? घरात सुतक, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या कानात ते गाणं. बाबांच्या आजारपणात कधीतरी जाहिरातीचा फोन आला असेल आणि आईनं एखादा आकडा दाबला असेल, एवढंच. पैसे पण कापले जात होते. आई अजून पाहुण्यांसमोर तो विषय निघाला की मान खाली घालते.

चिकोडी मास्तर
वाचून वाईट वाटलं. ट्राय या दूरसंचार नियामकानं २०१३ मध्येच नियम केलाय की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा दोनदा होकार घ्यायचा. बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे. परत असं झालं तर तिथं कळवा.

पण मूळ विषयावर माझं मत थोडं उलटं आहे. काही गोष्टी न विचारता दिल्या तरी चालतात. गेल्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे २०२५ मध्ये, केंद्राच्या दूरसंचार विभागानं नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच घालायला सांगितलं. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. मला ते पटलं नाही. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे पैसे खोट्या फोनला भुलून गेले. आपल्या नावावर किती सिम आहेत हे बघता येतं, हरवलेला फोन बंद करता येतो, असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप आधीपासून असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? खेड्यातला माणूस आपणहून शोधून अ‍ॅप घेत नाही. चांगलं असेल ते त्याच्या हातात नेऊन द्यावं लागतं.

निपाणीकर
मास्तर, हातात नेऊन देणं आणि खिशात कोंबणं यात फरक आहे की. ऑगस्ट २०१८ आठवतोय? लोकांनी फोन उघडला तर कॉन्टॅक्टमध्ये आधारचा हेल्पलाइन नंबर, कुणी सेव्ह केला पत्ता नाही. मग गूगलनं कबूल केलं की २०१४ मध्ये भारतातल्या फोनसाठीच्या सेटअपमध्ये तो नंबर आणि आपत्कालीन मदतीचा ११२ आपल्याकडूनच घातले गेले होते, आणि फोन बदलताना ते पुढं पुढं जात राहिले. हेतू वाईट नसेल. पण तो नंबर तोवर जुना झाला होता, चालू नंबर १९४७. ज्याला त्याची गरज पडली असती त्याला अडचणीच्या वेळी बंद नंबर मिळाला असता. न विचारता ठेवलेल्या वस्तूवर लक्ष ठेवायला कुणी नसतं, कारण ती तिथं आहे हे मालकालाच ठाऊक नसतं.

चिकोडी मास्तर
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी त्या बाईंचे पैसे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

उद्यमबाग
एक सांगू? भाषेचं यात आणू नका. बेळगावात काही झालं की आपण लगेच मराठी-कन्नड करतो. आमच्या फाउंड्रीत माझ्या शेजारच्या मशीनवर गोकाककडचा कन्नड माणूस आहे. त्याच्या आईच्या फोनवर पण तसलाच कचरा, तसलंच इंग्रजी. कंपन्यांना सीमाप्रश्नाशी घेणंदेणं नाही. १९५६ पासूनचं भांडण इथं आणलं की खरा प्रश्न बाजूला पडतो आणि कंपनी सुटते.

खानापूरची लेक
दादा, तुमच्या त्या सोबत्याच्या आईसाठी पण मी हेच म्हणेन. तिला कन्नडमध्ये विचारा, माझ्या आईला मराठीत. आपल्या भागात घराघरात वाचायची भाषा वेगळी असते, आणि मोबाईल कंपन्यांचं कर्नाटक सर्कल म्हटलं की सगळं कन्नड नाहीतर इंग्रजीत येतं. यात कन्नडवर राग नाही, माझी मुलं शाळेत कन्नड शिकतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. त्या यादीत २२ भाषा आहेत. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू, बेळगावात ऐकू येणाऱ्या या चारही आहेत. मी हट्ट करत नाही, कायद्यात आहे तेवढंच मागते.

अनगोळचा, सध्या पुण्यात
एक दुरुस्ती, नाहीतर कुणीतरी तुम्हाला खोडून काढेल. तो कायदा माणसाच्या माहितीच्या वापराबद्दल आहे, अ‍ॅप भरण्याबद्दल नाही. शिवाय त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. पण ती अ‍ॅप आल्याबरोबर कॉन्टॅक्ट, लोकेशन मागतात, तिथं हा कायदा लागू होईल. आणि सतावणारी सूचना, जबरदस्तीनं दुसरी सेवा गळ्यात मारणं, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या स्क्रीन-रचनेच्या, १३ प्रकारांत बसतं. तक्रार करायची तर १९१५ वर करा, बिल आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

खानापूरची लेक
स्क्रीनशॉट आहेत. उद्याच करते.

मोबाईलवाले काका, तुमचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. सुरुवातीच्या दहा-बारा स्क्रीनवर होकार घेतलेला असतो, म्हणालात. आईचा फोन आम्ही गावातच एका दुकानातून घेतला होता. चालू करून, सिम घालून, तयार हातात मिळाला. त्या स्क्रीन आईनं बघितल्याच नाहीत, मी पण नाही. मग त्या दाबल्या कुणी?

रामदेव गल्ली मोबाईलवाला
आम्ही दाबतो.

खरं सांगतो. गिऱ्हाइकाला खानापूरची बस गाठायची असते, मागं चार माणसं उभी असतात. खाली निळं बटण असतं, "सगळं मान्य". अंगठा आपोआप जातो. दिवसाला पाच-सहा फोन, सतरा वर्षं. आजपर्यंत कुणाच्या वतीनं मी हो म्हणतोय, असं मनात आलंच नव्हतं.

रामदेव गल्ली मोबाईलवाला (दुसऱ्या दिवशी)
आज दुपारी येळ्ळूरची एक मावशी आली, नातवाबरोबर. आधी फोनची भाषा मराठी केली, मग फोन तिच्याच हातात दिला आणि एकेक स्क्रीन नातवाला मोठ्यानं वाचायला लावली. वीस मिनिटं लागली, तोवर दोन गिऱ्हाइकं निघून गेली. दोन ठिकाणी आधीच टिक केलेलं होतं: एक जाहिरातीसाठी, एक लॉक स्क्रीनच्या चित्रांसाठी. मावशी म्हणाली, "हे कशाला? काढ." दोन्ही निघाले. शेवटची स्क्रीन कंपनीची स्वतःची होती, ती इंग्रजीतच आली. नातवाला वाचता आली, पण अर्थ लागला नाही. मला पण पूर्ण लागला नाही. खाली एकच बटण होतं. ते दाबल्याशिवाय फोन पुढं जात नव्हता.