यंग्सटाउन लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं, का झालं? नोकऱ्या गेल्या म्हणून, की आणखी कशामुळे?

महोनिंगकर :
गेली अठरा वर्षं मी ओहायोतल्या यंग्सटाउनला लागून असलेल्या बोर्डमनमध्ये राहतोय. पोलादाचं गाव, युनियनचं गाव. २०१२ मध्ये आमच्या महोनिंग काउंटीनं (जिल्ह्यानं) डेमोक्रॅट ओबामांना ६३ टक्के मतं दिली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन इथे जेमतेम तीन टक्क्यांनी पुढे राहिल्या. २०२० मध्ये ट्रम्प जिंकले, १९७२ च्या निक्सननंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार इथे जिंकला. २०२४ मध्ये आघाडी आणखी वाढली. पुण्याहून फोन आला की हमखास प्रश्न येतो, "तुमच्याकडची माणसं अशी कशी फिरली?" माझं ठाम मत आहे की माणसं फिरली नाहीत, डेमोक्रॅटिक पक्षानं त्यांना वाऱ्यावर सोडलं.

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीनं आपला कॅम्पबेल वर्क्स कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार जणांचं काम गेलं. त्या दिवसाला इथे अजूनही 'ब्लॅक मंडे' म्हणतात. चर्चच्या मंडळींनी आणि कामगारांनी मिळून कारखाना आपणच चालवायचा घाट घातला होता. त्यासाठी सरकारी कर्जहमी हवी होती. ती १९७९ मध्ये कार्टर सरकारनं नाकारली, म्हणजे डेमोक्रॅट्सनीच. पुढे नाफ्ता, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिको मुक्त व्यापार करार, लागू करणाऱ्या कायद्यावर सही केली तीही डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी. हे सगळं इथे जेवणाच्या टेबलावर बोललं जातं.

निळीशाई :
पूर्ण असहमत. १९७९ मध्ये कार्टरनी हमी नाकारली, आणि १९८० मध्ये याच काउंटीनं कार्टरनाच मत दिलं! त्यानंतर २०१२ पर्यंत प्रत्येक वेळी डेमोक्रॅट. राग चाळीस वर्षं दबा धरून बसतो का?

आणि शहराचं काय? यंग्सटाउनची लोकसंख्या १९३० मध्ये १,७०,००० होती, २०२० मध्ये ६०,००० उरली. तिथे सुमारे चाळीस टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. भट्ट्यांजवळची सगळ्यात जीवघेणी कामं त्यांच्याच वाडवडिलांच्या वाट्याला आली होती. सर्वाधिक पडझड तिथे झाली, तरी शहर आजही डेमोक्रॅट आहे. पारडं फिरलं ते तुमच्या बोर्डमन, ऑस्टिनटाउनसारख्या उपनगरांमध्ये. कारण फक्त बेकारीचं असतं तर शहर आधी फिरलं असतं. वर्ण आणि 'आपला देश आपल्या हातून चाललाय' ही भीती बाजूला ठेवून या मतदानाचा अर्थ लागत नाही.

रानवारा :
दोघांच्याही मांडणीत ट्रॅफिकंट नाहीत. जिम ट्रॅफिकंट इथले शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, होते. बेकार कामगारांची घरं जप्त करायच्या कागदांवर सही करायला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेवर (काँग्रेसवर) निवडून आले ते डेमोक्रॅट म्हणून, पण नाफ्ताला विरोध, वॉशिंग्टनला शिव्या, स्वतःच्या पक्षाची पर्वा नाही. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि २००२ मध्ये सभागृहानं त्यांची हकालपट्टी केली. तरीही त्यांना मानणारे लोक इथे होतेच. ट्रम्प यांची भाषा या खोऱ्यानं आधीच ऐकलेली होती. निळीशाई, तुमच्या 'चाळीस वर्षं दबा' या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. राग होताच, तो पक्षाच्या आत राहूनच व्यक्त होत होता.

दाराचा कडी-कोयंडाही सैल होता. ओहायोत मतदार पक्षात नोंदवलेला नसतो, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तो ज्या पक्षाची मतपत्रिका मागेल तो त्याचा पक्ष. मार्च २०१६ मध्ये एकट्या महोनिंगमध्ये सहा हजारांवर डेमोक्रॅट्सनी रिपब्लिकन मतपत्रिका मागितली.

निळीशाई :
ट्रॅफिकंटचा मुद्दा मान्य. पण मग २०१७ ते २०२० चं काय? जुलै २०१७ मध्ये ट्रम्प यंग्सटाउनच्या सभेत म्हणाले, नोकऱ्या परत येताहेत, घरं विकू नका. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाउनमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची क्रूझ मोटार बाहेर पडली आणि तिथलं उत्पादन थांबलं. आश्वासन फोल ठरलं आणि पुढच्याच वर्षी मतं वाढली! पोटापाण्याचा हिशेब असता तर उलट झालं असतं.

महोनिंगकर :
शहराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझ्या मांडणीत शहरातले कृष्णवर्णीय कामगार आलेच नाहीत, ही चूक माझी. लॉर्ड्सटाउनबद्दल मात्र ऐका. माझा शेजारी तिथे वीस वर्षं होता, बदली घेऊन दुसऱ्या राज्यात गेला, बायको-मुलं इथेच. महिन्यातून एकदा येतो. २०२० मध्ये त्यानं ट्रम्पनाच मत दिलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, कारखाना कंपनीनं बंद केला, आणि आमची आठवण काढायला इथे येतं तरी कोण? याला वंशद्वेष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उत्तररात्र :
उमेदवारांची नावं बाजूला ठेवून सार्वमत बघा, मुद्द्यांवर लोक फिरलेले दिसत नाहीत. २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हात बांधणारा कायदा ओहायोनं ६१ टक्के मतांनी फेटाळला. २०२३ मध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला, सुमारे ५७ टक्क्यांनी. लॉर्ड्सटाउनच्या नव्या बॅटरी कारखान्यात डिसेंबर २०२२ मध्ये युनियनसाठी मतदान झालं : बाजूनं ७१०, विरोधात १६.

निळीशाई :
हे आकडे माझ्या मनात घोळत राहतील. पण मग त्याच २०२२ मध्ये इथलेच, जन्मभर कामगारांची बाजू मांडणारे डेमोक्रॅट टिम रायन सिनेटसाठी उभे राहिले आणि महोनिंगमध्येही रिपब्लिकन जे. डी. व्हान्स यांच्या मागे पडले. महोनिंगकर, तुमच्या शेजाऱ्याला विचाराल का, रायन त्याच्या दारी आले नव्हते का?

महोनिंगकर :
विचारतो. पुढच्या शनिवारी येतोय तो.