शब्दचर्चा : गेम ‘खेळला’ की ‘खेळली’, आणि रिव्ह्यूला काय म्हणता?

व्हिडिओ गेम खेळायचे आणि खेळून झाले की त्यांच्यावर मराठीत लिहायचं, हा माझा छंद. खेळताना काही अडत नाही, लिहिताना मात्र पहिल्याच ओळीला गाडी अडते.

सध्या ‘राजी’वर लिहितोय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला गेम. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, तिच्या हातात दुर्गेचा त्रिशूळ, आजूबाजूला राजस्थानी धाटणीचे महाल. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली आहे. मला तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्याच आठवल्या. मी लिहिलं, ‘गेम देखणा आहे, पण मारामारी हाताला बसत नाही.’ बहीण म्हणाली, “देखणी! गेम ती.” आता सांगा, तो की ती? आणि मी जे लिहितो ते परीक्षण, समीक्षा की नुसताच अभिप्राय? शिवाय ग्राइंडिंग (ताकद वाढवायला तेच ते करत राहणं), सेव्ह पॉइंट (जिथवर पोचलो त्याची नोंद होते ती जागा), रन (सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एक प्रयत्न) असल्या शब्दांचं काय करायचं? सगळे देवनागरीत लिहिले की परिच्छेद वाचवत नाही. वाचकहो, तुम्हीच सुचवा.

*

गेम तो. खेळ तो म्हणून गेम तो. उसन्या शब्दाला आपण पुष्कळदा जवळच्या मराठी शब्दाचं लिंग देऊन टाकतो. पण तुमच्या बहिणीचंही अगदीच चूक नाही. कॅरमच्या बोर्डापाशी ‘ही गेम माझी’ म्हणतात, तिथे गेम म्हणजे बाजी, आणि बाजी ती. माझ्या कानाला तरी दोन्ही चालतात, अर्थ मात्र वेगळे लागतात. ‘गेम भारी आहे, पण कालची गेम हरलो.’ पहिला दुकानातून आणलेला, दुसरी रात्री मित्राशी झालेली. (‘त्याचा गेम केला’ हा तिसरा प्रकार. तो बातमीदारांना लखलाभ.)

आमच्या व्हिडिओ गेम पार्लरवर ही भानगडच नव्हती. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे नाव पडद्यावर यायचं, वाचायचं कुणी नाही. पिवळ्या टोपीच्या गड्यावरून आख्खा गेमच ‘मुस्तफा’. ‘चल, मुस्तफा खेळू’, संपला विषय. घरच्या कन्सोलवरही कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. शुद्ध नव्हतं, पण कुणाला समजावून सांगावंही लागत नव्हतं.

*

मी मुद्रितशोधन करते, तेव्हा मधल्या प्रश्नापुरतं लिहिते. ‘परीक्षण’ लिहा. वर्तमानपत्रात चित्रपटाचं आणि पुस्तकाचं परीक्षण येतं, तसंच गेमचं. ‘समीक्षा’ मराठीत जरा जड जागी बसलेली आहे. एखाद्या लेखकाचं सगळं लेखन समोर ठेवून केलेला विचार, तिला समीक्षा म्हणावं. हिंदीत फोनपासून मिक्सरपर्यंत सगळ्याची समीक्षा होते आणि भाषांतरित मजकुरातून ती आपल्याकडेही शिरली आहे. गेम आवडला, तो का आवडला एवढंच सांगायचं असेल तर ‘रसग्रहण’ आहे, पण मग मारामारी हाताला बसत नाही हे सांगायला जागा उरत नाही.

शब्दापेक्षा मला दुसरी शंका आहे. चित्रपट परीक्षक अडीच तास बसून उठतो. तुमचे गेम साठ-सत्तर तास चालतात म्हणे. मग किती खेळून लिहिलंत हे वाचकाला कळायला नको का? माझा भाचा सांगतो की ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये इतका मोडकातोडका आला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, पुढच्या जूनमध्ये परत ठेवला, आणि २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर तोच गेम लोक वाखाणतात. पुस्तकाची आवृत्ती आपण नोंदवतो. इथेही गेमची आवृत्ती, कशावर खेळलात आणि कुठवर खेळलात हे वरच लिहा. पॅचला, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या अपडेटला, ‘ठिगळ’ म्हणायचा मोह मला होतो आहे, पण आवरते.

*

काय भाऊ, ग्राइंडिंगले शब्द शोधून राहिले? दळण! पोकेमॉन खेळले असाल तर आठवा. गवतात इकडून तिकडे येरझारा घालायच्या, तोच तो पाखरू-उंदीर हरवायचा, लेव्हल एकानं वाढली की पुन्हा गवतात. पुढचा जिम लीडर (टप्प्याटप्प्यावरचा तगडा प्रतिस्पर्धी) हरत नाही तोवर हेच दळण. आपल्याकडे तीच ती गोष्ट चालली की ‘काय दळण लावलं आहे’ म्हणतातच. ‘मधले चार तास निव्वळ दळण’ असं लिहा, ज्यानं गेम पाहिला नाही त्यालेही समजते.

बाकीचे शब्द गल्लीत पडले आहेत. रन म्हणजे डाव. ‘हेडीज’ गेममध्ये नायक मेला की पुन्हा बापाच्या घरी, तिथून नवा डाव. पॉज म्हणजे टाइमप्लीज. सेव्ह पॉइंट म्हणजे भोज्जा. नूब म्हणजे लिंबूटिंबू.

*

दळण आणि डाव मान्य, एकदम चपखल. भोज्जा आणि लिंबूटिंबूला माझी हरकत आहे.

भोज्ज्याला हात लावला की आपल्याला बाद करता येत नाही, एवढंच त्याचं काम. तिथून पुढच्या वेळी सुरुवात होत नाही. सेव्ह पॉइंटचं नेमकं उलट. ‘डार्क सोल्स’मध्ये शेकोटीपाशी बसलात की नोंद होते, पण मारलेले साधे शत्रूही पुन्हा उभे राहतात, तो कसला भोज्जा! जुन्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मधली टाइपरायटरची खोली हा खरा भोज्जा. दार लावलं, ते सुरेल संगीत सुरू झालं की झोंबी बाहेर आणि आपण आत. शाईची रिबन असेल तर नोंद करायची, नसेल तर नुसतं हुश्श. तेव्हा सेफ रूमला भोज्जा म्हणा, सेव्हला ‘नोंद’ किंवा सरळ ‘सेव्ह’.

आणि लिंबूटिंबू म्हणजे अडाणी खेळाडू नव्हे हो. धाकटं भावंड रडतं म्हणून मोठी मुलं त्याला खेळात घेतात. ते पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ही खेळाडूची लायकी नाही, नियमातली सूट आहे. ‘सेलेस्ट’ या २०१८च्या गेममध्ये असिस्ट मोड आहे. वेग कमी करा, हवेत हव्या तितक्या झेपा घ्या, वाटलं तर मरणच बंद करा. हा झाला लिंबूटिंबू मोड, आणि तो वापरणाऱ्याला कुणी हिणवू नये. नूबला ‘नवखा’ पुरे. सोप्या मोडवर खेळून ‘गेममध्ये दम नाही’ असं लिहिणाऱ्यासाठी मात्र ‘रडीचा डाव’ राखून ठेवा.

*

एक भर. ‘गेमिंग’ शब्द शीर्षकात टाळा. बातम्यांत ‘ऑनलाइन गेमिंगपायी कर्जबाजारी’ असं येतं तेव्हा आत रमी किंवा सट्टा असतो, मारिओ नसतो. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम अशा तीन वेगळ्या पेट्या केल्या आणि बंदी फक्त पहिल्या पेटीवर घातली. पण मथळे लिहिणाऱ्यांची पेटी अजून एकच आहे. मी सासरी ‘गेमिंगचा छंद आहे’ म्हणालो, तर सासऱ्यांनी हळूच बायकोला विचारलं, “किती बुडवले?” तेव्हापासून मी ‘व्हिडिओ गेम’ असं पूर्ण म्हणतो.

*

सगळ्यांचे आभार. सुधारून असं केलंय :

‘राजी, पीसीवर, शेवटपर्यंत खेळून. गेम देखणा आहे आणि दळण अजिबात नाही. पाच-सहा तासांत संपतो. भिंतीवरून धावताना, खांबाला गिरकी घेताना मजा येते. घोळक्यात सापडल्यावर मात्र राजी बटण दाबल्यानंतर क्षणभर विचार करते की काय असं वाटतं, आणि तेवढ्यात मार बसतो. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे जाणारी गोष्ट ऐन रंगात आली असताना शेवट लटकता सोडला आहे.’

*

‘लटकता सोडला’ काढा. ‘गोष्ट अर्ध्यावर तोडली आहे’ लिहा. बाकी जाऊ द्या छापायला.