मदत हवी आहे: पाइनवुड डर्बीच्या गाडीची चाकं हलकी करताना रिम वाकते

पाइनवुड डर्बीच्या (लाकडी ठोकळ्यापासून बनवलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत) खुल्या गटासाठी प्लास्टिकची चाकं मिनी लेथवर हलकी करतोय (स्काउटच्या शर्यतींत बहुतेक ठिकाणी याला बंदी असते). गाडीचं वजन ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅमच राहील. चाकांतून वाचलेलं टंगस्टनच्या रूपात मागच्या एक्सलच्या जरा पुढे बसवायचंय. वजन रिममधूनच काढायला हवं, कारण चाक फिरवायला सर्वांत जास्त ऊर्जा तिथेच जाते.

अडचण अशी: आतून टर्निंग करताना रिमची जाडी १ मिमीखाली गेली की प्लास्टिक तापतं, टूलला चिकटतं आणि डायल गेज ०.०५ मिमी रनआउट (फिरताना चाकाचं डगमगणं) दाखवतो. टूलला धार ताजी आहे, कट ०.१ मिमीचाच घेतो.

चाक मॅन्ड्रेलवर (चाकाच्या भोकात घालायच्या दांड्यावर) धरावं की बाहेरून कॉलरमध्ये (कड्यात)? गार ठेवायला साबणाचं पाणी चालेल का? भोकाला मात्र धक्का लागता कामा नये. ते खरखरीत झालं तर वंगण म्हणून घातलेल्या ग्रॅफाइटचाही उपयोग नाही.