मनगटातील नस दबल्यास कायरोप्रॅक्टिक उपचार घ्यावेत का?

प्रश्न – मुलुंडकर:
गेले चार महिने रात्री माझा उजवा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. लोकलमध्ये वरची कडी धरली, की कुर्ला येईपर्यंत हाताला मुंग्या येतात. कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान झाले आहे. एक सहकारी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके व सांधे हातांनी झटका देऊन मोकळे करणाऱ्याकडे, जाण्याचा आग्रह धरतात. जावे का?

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, परळ:
ताई, मनगटाची हाडे आणि त्यांवरचा आडवा अस्थिबंध यांमधील अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते. त्यामुळे मानेचे मणके ‘कडकन’ मोडून हा दाब कसा हटणार, हे मला पटत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत कायरोप्रॅक्टिक उपचारांनी आणि आयबुप्रोफेन हे वेदनाशामक व रात्री मनगटाला बांधायचा पट्टा या उपायांनी साधारण सारखाच गुण आला. म्हणजे कायरोप्रॅक्टिकचा वेगळा, अधिक लाभ दिसला नाही. आधी मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे रात्री बांधा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर मात्र थांबू नका, हाताच्या शल्यविशारदांना भेटा.

उत्तर – गिरगावकर:
मी दहा बैठका घेतल्या. मान मोकळी झाली, पण बोटे तशीच राहिली. पुढे थायरॉईड कमी असल्याचे निघाले. तीही तपासणी करून घ्या.

मुलुंडकर:
आभारी आहे. थायरॉईडचे कोणीच सुचवले नव्हते. पट्टा आजच आणते.