मदत हवी आहे : विद्यापीठाच्या बँडपथकासाठी सरावाचे मैदान

धागाकर्ता : रणशिंग
नमस्कार. आमच्या विद्यापीठाच्या बँडपथकासाठी स्वतंत्र सराव मैदान करण्याचे ठरले असून त्याची टिपणी मला सोमवारी कुलसचिव कार्यालयात द्यावयाची आहे. सध्या पथक धावपट्टीवर सराव करते आणि खेळाडू आले की आम्हाला जागा सोडावी लागते. 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनापूर्वी मैदान वापरात यायला हवे. लांबी-रुंदी किती धरावी, पृष्ठभाग कशाचा असावा आणि फक्की कशी मारावी, एवढेच सांगावे. वाद्ये कोणती घ्यावीत, हा विषय कृपया येथे नको.

चर-पाझर
वादक किती, जमीन कोणती, पाणी कोणत्या बाजूला उतरते आणि जवळ इमारत कोणती आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. जमीन पाहिल्याशिवाय मैदानाबद्दल दिलेला सल्ला केवळ अंदाज असतो.

यार्डपट्टी
अमेरिकेतील विद्यापीठांचे बँड त्यांच्या फुटबॉल मैदानाच्या मापावर सराव करतात : शेवटच्या पट्ट्यांसह लांबी 120 यार्ड, रुंदी 160 फूट. दर 5 यार्डांवर आडवी रेषा असते आणि दोन रेषांमध्ये 8 पावले बसवतात, म्हणजे एक पाऊल 22.5 इंचांचे. प्रत्येक वादकाला आपली जागा रेषेवरून मोजता येत असल्यामुळे आकृत्या चुकत नाहीत. हेच माप जसेच्या तसे उचलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कदमताल
आपल्याकडे बँड आकृत्या काढण्यासाठी नव्हे, संचलनासाठी चालतो, हे वरील सदस्य विसरत आहेत. एनसीसीत शिकवलेले पाऊल 30 इंचांचे आणि वेग मिनिटाला 120 पावलांचा असतो; 22.5 इंचांची सवय लागलेले पथक 17 सप्टेंबरला तुकड्यांच्या पुढे चालले, तर मागची तुकडी त्यांच्या टाचांवर येईल. रेषा मात्र 5 यार्डांवरच ठेवाव्यात, कारण 180 इंचांत 30 इंचांची बरोबर 6 पावले बसतात. लांबीबद्दल म्हणाल तर 80 मीटर तोकडे पडते : 105 पावले, म्हणजे जेमतेम 52 सेकंद, आणि चालीचा दुसरा भाग सुरू होतो न होतो तोच वळण येते. 110 मीटर असल्यास 72 सेकंद मिळतात.

मोरपीस
गणवेशाचा विचार झाला आहे का? जाड कापडाचा कोट आणि तुरा मराठवाड्याच्या उन्हात घालवत नाही. आमच्या पथकाने सुती कापड निवडले आणि घेरी येण्याचे प्रकार थांबले.

रणशिंग
गणवेशाबद्दल मी विचारलेच नव्हते. वादक 48 आहेत, सहाच्या आठ रांगा. जमीन अर्थातच काळी आहे, आपल्याकडे दुसरी कोणती असणार? जागा सभागृहाच्या मागे आहे आणि उताराबद्दल मला कल्पना नाही. आता तरी लांबी-रुंदी सांगाल का?

चर-पाझर
‘अर्थातच काळी’ हीच खरी अडचण आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला हाताचा पंजा सहज जाईल एवढ्या भेगा पडतात; वादकाचे डोळे बँडमास्तरांच्या हातातील दंडाकडे असल्यामुळे पाय भेगेत गेला तर घोटाच मुरगळतो. म्हणून वरचा थर काढून मुरूम अंथरावा, पाणी मारावे आणि वाफसा आल्यावरच रोलर फिरवावा; चिखलावर फिरवलेला रोलर जमीन दाबत नाही, बाजूला ढकलतो. 110 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद जागेवर 20 सेंटिमीटरचा थर द्यायचा, तर 1,100 घनमीटर, म्हणजे सुमारे 389 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम लागतो, आणि दाबल्यावर थर बसत असल्याने मागणी त्याहून जास्त लिहावी. मध्यरेषा कडांपेक्षा 25 सेंटिमीटर उंच ठेवल्यास दोन्हीकडे शंभरास एक असा उतार मिळतो. कडेने चर काढून तो ओढ्याला जोडावा. हे सर्व मृगाच्या सरींपूर्वी झाले, तरच 17 सप्टेंबरचा विचार करावा.

हिरवळ
मुरमाची धूळ पितळी वाद्यांच्या झडपांत जाऊन त्या अडकतात. त्यापेक्षा हिरवळ लावावी, पायांनाही आराम मिळतो.

कदमताल
2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, आणि आपण बँडच्या पायाखाली हिरवळ भिजवायला सांगता?

हिरवळ
विदेशी गवताची गोष्ट मी केलेलीच नाही. हरळी आपल्या बांधावर आपोआप वाढते, एकदा रुजली की फारसे पाणी मागत नाही. मधल्या पट्ट्यात मुरूम आणि कडेच्या चार-पाच मीटरांत हरळी ठेवावी. कडेची धूळ तेवढी तरी कमी उडेल.

यार्डपट्टी
सभागृहाच्या मागे, म्हणजे भिंतीपासून किती अंतरावर? ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. भिंत 43 मीटरवर असल्यास ढोलाचा ठोका पाव सेकंदाने परत येतो आणि दोन पावलांच्या बरोबर मध्ये पडतो, त्यामुळे मागच्या रांगांची पावले हमखास बिघडतात. मैदानाची लांब बाजू भिंतीला काटकोनात ठेवावी आणि बँडमास्तरांचा ओटा भिंतीकडील टोकाला घ्यावा, म्हणजे बहुतेक सराव भिंतीपासून दूर होईल. याबाबत कदमताल यांनाही हरकत नसावी.

कदमताल
हरकत नाही; शिवाय उत्तर-दक्षिण लांबी मिळाली तर सकाळी चालताना ऊन थेट डोळ्यांत येत नाही. भिंत कोणत्या दिशेला आहे, हे मात्र धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही.

रणशिंग
भिंत उत्तरेला आहे, अंतर साधारण तेवढेच. टिपणीत 110 गुणिले 50 मीटर, उत्तर-दक्षिण, मुरूम, कडेला हरळी आणि 5 यार्डांच्या रेषा असे लिहितो. मुरूम जवळच्या टेकडीवरून आणला तर चालेल ना?

चर-पाझर
परवानगीशिवाय चालणार नाही. मुरूम गौण खनिज आहे, त्यामुळे तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. हा खर्च टिपणीत आजच धरावा. मागाहून वाढीव रकमेची फाईल फिरेपर्यंत मृग निघून गेलेला असतो. आणि टिपणीसोबत जागेचा नकाशा जोडावा, ओढा कोणत्या बाजूला आहे ते आपण अजूनही सांगितलेले नाही.