रीपर: पखवाजाचे दोन फेडर एकत्र कसे बांधायचे?

भजनीठेका:
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतोय. पखवाजाला दोन माइक होते, एक धुमेला (खर्जाचं तोंड), एक शाईला (चढं तोंड). शाई 4 डीबी खाली ठेवली की ठेका कसा भरदार लागतो, ते अंतर मला मोडायचं नाही. पण बुवा वरच्या पट्टीत गेले की पखवाज मागे घ्यावा लागतो आणि दोन फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) ओढताना सगळं गणित विस्कटतं. दोन्ही ट्रॅक एकत्र घालून फोल्डर करून बघितला. त्याचा फेडर खाली घेतला तर पखवाज जातो, रिव्हर्ब मात्र घुमतच राहतो. गाभाऱ्यात बसून कोणी वाजवतंय जणू!

सातारी_साउंड:
दोन्ही ट्रॅक सिलेक्ट करून शिफ्ट+जी दाबा, ग्रुपची खिडकी उघडेल. व्हॉल्यूमसमोर लीड आणि फॉलो, दोन्हींवर टिक करा. म्यूटवरही करून टाका. मग कुठलाही एक ओढा, दुसरा अंतर राखून सोबत येतो. एकटी शाईच हलवायची असली तर शिफ्ट दाबून ओढायची.

नाना_रेकॉर्डिस्ट:
बरोबर आहे, पण रिव्हर्ब का राहिला ते बघा. तुमचा सेंड, म्हणजे रिव्हर्बकडे जाणारी आवाजाची फांदी, धुम-शाईच्या ट्रॅकवरून निघतोय, फोल्डरवरून नाही. पोस्ट-फेडर (फेडरनंतर निघणारा) सेंड ज्या ट्रॅकवर आहे त्याच्याच फेडरचं ऐकतो. फोल्डर पुढे लागतो, त्याचा इथे काय संबंध? फेडर बांधलेत की ट्रॅकचाच आवाज उतरतो, रिव्हर्बही उतरतो. सेंड प्री-फेडर (फेडरच्या आधीच निघणारा) असेल तर मात्र तोही उपाय चालणार नाही.

मी स्वतः व्हीसीए करतो, म्हणजे एका फेडरने बाकीच्यांचा आवाज लांबून चालवायचा; रीपर 5 पासून आहे. एक रिकामा ट्रॅक घ्या, त्याला व्हीसीए लीड; धुम-शाईला व्हीसीए फॉलो. खालचे फेडर जागचे हलत नाहीत, तुमचे 4 डीबी शाबूत राहतात. ऑटोमेशनही (गाणं चालताना आवाजाचे आपोआप होणारे चढउतार) त्या एकाच रिकाम्या ट्रॅकवर काढायचं. साध्या ग्रुपात एका ट्रॅकचा एन्व्हलप (ऑटोमेशनची रेघ) हाताने ओढलात तर दुसऱ्याला पत्ताही लागत नाही.

फोल्डर मोडू नका. त्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) असेल तर तिथेच राहू द्या. फक्त लक्षात ठेवा, व्हीसीए खाली आला की कॉम्प्रेसरमध्ये जाणारा आवाजही कमी होतो, म्हणजे तो कमी दाबतो. आणि पखवाजाला एवढा रिव्हर्ब हवाच कशाला? धुमेचा नुसता चिखल होतो.

भजनीठेका:
नाना, व्हीसीए जमला! रिव्हर्ब निम्मा केला, अजून कमी केला तर बुवा रागावतील. आता पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणं): धुम डावीकडे नेली की शाई आपोआप तेवढीच उजवीकडे जाईल का?

सातारी_साउंड:
जाईल. त्याच खिडकीत पॅनला टिक, आणि शाईच्या ट्रॅकवर रिव्हर्स पॅन. फार लांब मात्र नेऊ नका, एका माणसाच्या मांडीवरचं वाद्य आहे ते.

उबुंटूवाला:
रीपरऐवजी आर्डर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: ग्रुपमध्ये गेनबरोबर (आवाजाची पातळी) रिलेटिव्हवरही टिक ठेवा, नाहीतर दोन्ही फेडर एकाच आकड्यावर जाऊन बसतात.